वेस आणि आतली दारे : कार्यालयीन संगणकजाळ्याचे संरक्षण

दिग्रस हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. अशा ठिकाणच्या तहसील कार्यालयाचा, पंचायत समितीचा, नगर परिषदेचा आणि शाळांचा पुष्कळसा कारभार आता संगणकावर चालतो. मालमत्तेची कर आकारणी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांची माहिती हे सारे नागरिकांचे धन होय. कार्यालय त्याचे केवळ विश्वस्त आहे. कार्यालयातील संगणक परस्परांस जोडले की त्यांचे एक खाजगी जाळे तयार होते. ते इंटरनेटला जोडताच अनेक सोयी दाराशी येतात. त्याच वाटेने चोरही येऊ शकतात.

वेशीवरील पहारा

पूर्वी गावाला कूस असे आणि वेशीवर पहारा असे. संगणकजाळ्याच्या वेशीवरील पहारेकरी म्हणजे फायरवॉल. आत येणारी व बाहेर जाणारी माहिती तो ठरवून दिलेल्या नियमांनुसार तपासतो. जेवढ्यास स्पष्ट परवानगी आहे तेवढेच सोडावे, बाकी सर्व अडवावे, हे त्याचे मुख्य सूत्र असावे. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलणे, हाही या पहाऱ्याचाच भाग होय.

पहारा पुरेसा नाही

तथापि केवळ वेशीवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. एखाद्या कर्मचाऱ्याने फसव्या ईमेलसोबतची फाईल उघडली किंवा बाहेरचा पेनड्राइव्ह जोडला, तर शत्रू आतूनच कामाला लागतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला या दृष्टीने बोधप्रद आहे. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीकडून तपासली जाते. गुन्हेगारांनी मध्येच एक बनावट यंत्रणा उभी केली आणि तीच मागण्या परस्पर मंजूर करू लागली. दिनांक ११ रोजी काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. दिनांक १३ रोजी आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळविण्यात आले. एकूण हानी ९४ कोटींच्या घरात गेली. जाळ्याच्या आतून आलेला प्रत्येक संदेश विश्वासार्ह मानू नये, हाच यातील धडा होय.

काय करावे ?

म्हणून वाड्यातल्याप्रमाणे आतही दारे हवीत. अभ्यागतांचे वायफाय, शाळेची संगणक प्रयोगशाळा आणि कार्यालयीन दप्तर यांची जाळी वेगवेगळी ठेवावीत. प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत व पासवर्ड कोणालाही सांगू नये. संगणकातील प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूवरील उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केला होता. ज्यांनी तो वेळीच योजला नाही, त्यांचे संगणक बळी पडले. दप्तराची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे.

एवढे करूनही आघात झालाच, तर तो लपवू नये. बाधित संगणक तत्काळ जाळ्यापासून अलग करून वरिष्ठांना कळवावे. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटना ६ तासांच्या आत तिला कळविणे शासकीय कार्यालयांनाही बंधनकारक आहे. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते.

यंत्रे खरेदी करून हे काम संपत नाही. ती नित्य दक्षतेची बाब आहे. सरपंच, शिक्षक व कर्मचारी यांनी ही दक्षता अंगी बाणविली, तरच नागरिकांची ठेव सुरक्षित राहील.