संगणकाचा आवाज येत नाही? चला, आवाजाचा माग काढूया!



घरच्या संगणकावर कविता लावली, चित्र हलतंय, ओळी पुढे सरकतायत, पण आवाजच नाही. अशा वेळी आपण पटापट चार बटणं दाबतो, संगणक बंद करून चालू करतो आणि तरीही जमलं नाही की सीपीयू उचलून दुकानात नेतो. बरेचदा बिघाड अगदी साधा असतो आणि घरच्या घरी सापडतो. शोधायचा कसा, हे मात्र माहीत हवं.

श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चार कौशल्यांत श्रवण पहिलं. मुलाला ऐकूच आलं नाही तर पुढचं सगळं अडतं. ज्या मुलाला दिसत नाही, त्याच्यासाठी तर आवाज हाच पडदा असतो. एनव्हीडीए किंवा नॅरेटर यांसारखे वाचक प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतात. त्या मुलाचा आवाज गेला म्हणजे संगणकच गेला. म्हणून ही माहिती घरातल्या एकाला तरी असावीच.

आवाजाचा प्रवास

आवाज एका साखळीतून येतो. फाइल, ती वाजवणारा प्रोग्राम, विंडोज, ड्रायव्हर, साउंड कार्ड, वायर, स्पीकर आणि शेवटी आपला कान. फाइलमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला असतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला 44,100 नोंदी असतात. साउंड कार्ड या आकड्यांचे विद्युत संकेत बनवतं आणि स्पीकरचा पडदा त्या संकेतांप्रमाणे थरथरतो.

या साखळीतली एक कडी तुटली तरी परिणाम एकच, शांतता. म्हणून नुसत्या शांततेवरून बिघाड कुठे आहे ते कळत नाही. एकेक कडी तपासावी लागते.

त्यासाठी दोन नियम पाळायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि बदलल्यावर लगेच ऐकून बघायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशामुळे आला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पायरी 1 : सगळीकडे शांतता की एकाच ठिकाणी?

आधी दुसरी एखादी फाइल वाजवून बघा. ती वाजली तर विंडोज, वायर, स्पीकर सगळं ठीक आहे. बिघाड पहिल्या फाइलमध्ये किंवा ती वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा, कारण तो बहुतेक प्रकारच्या फाइली वाजवतो.

फक्त ब्राउझरमध्ये आवाज नसेल तर वरच्या टॅबकडे नजर टाका. तिथे काट मारलेला छोटा स्पीकर दिसला तर टॅबवर राइट क्लिक करून म्यूट काढा. व्हिडिओच्या खाली असलेलं आवाजाचं बटणही बघा.

पायरी 2 : म्यूट आणि व्हॉल्यूम मिक्सर

उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ स्पीकरचं चिन्ह असतं. त्यावर राइट क्लिक करून व्हॉल्यूम मिक्सर उघडा. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज इथे वेगळा दिसतो. मुख्य आवाज पूर्ण असूनही एखाद्याच प्रोग्रामचा आवाज शून्यावर असू शकतो. लॅपटॉप असेल तर कीबोर्डवरचं म्यूटचं बटण चुकून दाबलं गेलंय का तेही बघा. लहान भावंडं असलेल्या घरात हे हमखास होतं!

पायरी 3 : आवाज दुसरीकडे तर जात नाही ना?

सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या क्रमाने जा. तिथे आउटपुटखाली साधनांची यादी दिसेल. एचडीएमआय वायरने मॉनिटर किंवा टीव्ही जोडला की विंडोज बरेचदा आवाज तिकडेच पाठवतं. मॉनिटरला स्पीकरच नसेल तर ऐकू काय येणार? ब्लूटूथचंही तसंच. दुसऱ्या खोलीतल्या दप्तरात हेडफोन चालू राहिला असेल, तर धडा त्या दप्तरात वाजत असतो. यादीतून योग्य स्पीकर निवडा.

पायरी 4 : हिरव्या पट्ट्या

साखळी अर्ध्यातून तपासायची ही सोपी युक्ती आहे. जुन्या पद्धतीची साउंड खिडकी उघडा. विंडोज 11 मध्ये ती 'मोअर साउंड सेटिंग्ज' या नावाखाली सापडते. प्लेबॅक या भागात प्रत्येक साधनासमोर उभ्या पट्ट्या असतात. एखादी फाइल वाजत ठेवा आणि पट्ट्यांकडे बघा.

हिरवा रंग वरखाली होतोय, पण आवाज नाही? मग विंडोजपर्यंतचं काम नीट चाललंय. बिघाड पुढे आहे, म्हणजे वायर, भोक किंवा स्पीकर. पट्ट्या हलतच नसतील तर पुन्हा पायरी 1 ते 3 तपासा.

पायरी 5 : वायर आणि स्पीकर

स्पीकरला स्वतःची वीज लागते. त्याचा दिवा लागलाय का आणि आवाजाची चावी वर आहे का ते बघा. यूएसबीवर चालणाऱ्या बऱ्याच छोट्या स्पीकरना दोन वायरी असतात. यूएसबीची वायर फक्त विजेसाठी आणि गोल पिन आवाजासाठी. मुलं एकच वायर जोडतात आणि दिवा लागला म्हणून निश्चिंत होतात.

सीपीयूच्या मागे सहसा तीन रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी आणि निळं बाहेरून आवाज आत घेण्यासाठी. पिन हिरव्यातच हवी. समोरचं भोक चालत नसेल तर मागचं वापरून बघा. जोडणी करून घेतलेल्या संगणकात समोरच्या भोकाची आतली वायर कधी कधी जोडलेलीच नसते.

आता स्पीकर काढून, चालू असल्याची खात्री असलेला इअरफोन लावा. इअरफोनमध्ये आवाज आला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. तोच स्पीकर मोबाइलला किंवा टीव्हीला जोडून खात्री करून घ्या.

पायरी 6 : ड्रायव्हर

स्पीकरच्या चिन्हावर लाल काट असेल आणि आउटपुटच्या यादीत काहीच दिसत नसेल, तर ड्रायव्हरकडे वळा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. साउंडच्या विभागात पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हरमध्ये अडचण आहे. खाली वळलेला बाण असेल तर साधन बंद करून ठेवलंय. राइट क्लिक करून ते एनेबल करा.

विंडोज अपडेटनंतर आवाज गेला असेल तर प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' मिळतोय का बघा. नाहीतर साधन अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करा, विंडोज सहसा ड्रायव्हर परत बसवतं. शेवटी सर्च करून सर्व्हिसेस उघडा आणि 'विंडोज ऑडिओ' रीस्टार्ट करा.

हे सगळं करूनही शांतता असेल तर साउंड कार्ड खराब असण्याची शक्यता आहे. तरी लगेच मदरबोर्ड बदलायची घाई नको. यूएसबी हेडफोनमध्ये त्याचं स्वतःचं साउंड कार्ड असतं. तो जोडून आवाज आला तर काम भागतं.

आवाज येतो, पण विचित्र!

गाण्यातलं संगीत ऐकू येतं आणि शब्दच गायब? पिन अर्धवट बसली असण्याची दाट शक्यता. पिनेचा सामाईक भाग नीट टेकला नाही की डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सहसा सारखाच असतो, म्हणून तो कटतो. पिन पूर्ण आत दाबा.

एकाच कानात ऐकू येतंय? साउंडमध्ये त्या साधनाचा डावा आणि उजवा आवाज सारखा आहे का बघा. इअरफोन आलटून पालटून कानात घालून बघा. शांत बाजू इअरफोनबरोबर फिरली तर दोष यंत्रात. मात्र बाजू बदलूनही मूल त्याच कानाने ऐकू येत नाही म्हणत असेल, तर संगणक बाजूला ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांकडे जा. ज्याला एकाच कानाने ऐकू येतं त्याच्यासाठी सेटिंग्जमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करावा. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होतो आणि संवादातला एकही शब्द निसटत नाही.

आणि हो, तपासताना आवाज पूर्ण वाढवून इअरफोन कानात घालू नका. आवाज अचानक सुरू झाला तर कानाला इजा होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी आहे.

वर्गात कसं वापराल?

विज्ञानात ध्वनी शिकवताना फळ्यावर ही साखळी काढा. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाच्या संगणकात तुम्ही आधीच एक सोपा बिघाड करून ठेवा. एकीकडे म्यूट, दुसरीकडे चुकीचं आउटपुट, तिसरीकडे गुलाबी भोकात पिन. वहीत तीन रकाने आखायला सांगा : काय बदललं, काय ऐकू आलं, त्यावरून काय कळलं. आवाज आला की थांबायचं नाही. तो आधी का येत नव्हता ते एका वाक्यात लिहायचं. निरीक्षण, अंदाज, पडताळणी हे शब्द पाठ करून घ्यायची मग गरज उरत नाही.

घरी पालकांनीही हेच करावं. आवाज गेला की माउस लगेच आपल्या हातात घेऊ नका. मुलाला शेजारी बसवा आणि विचारा, "कुठपर्यंत आवाज पोचलाय असं तुला वाटतं?" त्याला शोधू द्या. दहा मिनिटं जास्त लागतील, पण पुढच्या वेळी ते स्वतः करेल.