जुना सर्व्हर जिवंत ठेवू नका

सर्व्हर बदलल्यावर ॲप्लिकेशन उघडलंच नाही, तर नशीब चांगलं समजा. एरर येते, सगळे धावतात, कुठल्यातरी फाइलमधलं जुनं नाव सापडतं आणि विषय मिटतो. घात होतो तो सगळं सुरळीत दिसतं तेव्हा.

चाकणजवळच्या एका कारखान्यातलं काम. ईआरपी आणि तिचा एसक्यूएल सर्व्हरवरचा डेटाबेस शनिवार-रविवारी नव्या मशीनवर हलवला. सोमवारी बिलं निघाली, रिपोर्ट आले. गुरुवारी स्टोअरमधून फोन : "साहेब, माल आत आलाय, काट्यावर वजनही झालंय, पण सिस्टीममध्ये आवक दिसत नाही."

गेटवरच्या पीसीत वजनकाट्याचा जुना ३२ बिट प्रोग्राम होता. त्याच्या डीएसएनमध्ये नवं नाव घातलं होतं, 'टेस्ट कनेक्शन'ही पास झालं होतं. पण ६४ बिट विंडोजमध्ये ओडीबीसीची सेटिंग्ज दोन ठिकाणी असतात आणि दोन्हीकडच्या प्रोग्रामचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. त्यातला 'सिस्टीम३२' फोल्डरमधला ६४ बिटचा आणि 'सिसवाव६४'मधला ३२ बिटचा! नाव बदललं गेलं एकीकडे, काट्याचा प्रोग्राम वाचत होता दुसरीकडचं. त्यात जुना सर्व्हर 'असू दे थोडे दिवस' म्हणून चालूच होता. प्रत्येक ट्रकचं वजन तो इमानेइतबारे लिहून घेत होता. एरर येणार कुठून?

निस्तरणं तर त्याहून किचकट. दोन्ही डेटाबेसमध्ये पावत्यांचे नंबर एकाच आकड्यापासून पुढे गेले होते, म्हणजे एकाच नंबरखाली इथे एक व्यवहार आणि तिथे दुसराच. शेवटी कागदी पावत्या समोर घेऊन एकेक नोंद जुळवावी लागली.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे.

आधी शोध. कॉन्फिग फाइल सगळेच बघतात. त्यापलीकडे लिंक्ड सर्व्हर, सिनोनिम, एजंट जॉबच्या स्टेप्स, स्टोअर्ड प्रोसिजरचा मजकूर आणि होस्ट्स फाइल यांत जुनं नाव आणि जुना आयपी, दोन्ही शोधा. ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या टेबलांतही अटॅचमेंटचे पाथ आणि रिपोर्टचे पत्ते असतात. अकाउंट्समधल्या एक्सेल शीट थेट डेटाबेसला जोडलेल्या असतात, त्या आयटीच्या यादीत कधीच नसतात. त्यासाठी जुन्या सर्व्हरवर कुठल्या मशीनवरून लॉगिन होतात, याची नोंद महिनाअखेर धरून आधीच घ्या.

अख्खं व्हर्च्युअल मशीन क्लोन करून त्याचं नाव बदललं असेल, तर एसक्यूएल सर्व्हरला त्याचं नाव विचारून बघा. 'सर्व्हरनेम' या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये जुनंच नाव राहतं. 'एसपी_ड्रॉपसर्व्हर'ने ते काढायचं, 'एसपी_ॲडसर्व्हर'ने नवं नाव 'लोकल' म्हणून घालायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. डीफॉल्ट इन्स्टन्सला एवढं पुरतं.

नवं नाव घालतानाच पुढच्या मायग्रेशनची सोय करा. प्रत्यक्ष मशीनचं नाव कुठेच लिहू नका. डीएनएसमध्ये एक सीनेम करा आणि सगळीकडे तेच वापरा. त्याचा टीटीएल बदलाच्या आदल्या दिवशीच कमी करा, नाहीतर क्लायंट मशीन जुनाच पत्ता धरून बसतात. टीएलएस सर्टिफिकेटमध्येही हे नाव असू द्या.

आणि जुन्या डेटाबेसवर कुणालाही लिहिता येणार नाही, अशी व्यवस्था करूनच नवा चालू करा. रिकव्हरी मॉडेल 'फुल' असेल, तर शेवटचा लॉग बॅकअप 'नोरिकव्हरी' पर्यायाने घ्या. जुना डेटाबेस 'रिस्टोअरिंग' अवस्थेत जातो आणि तिथे कुणालाच शिरता येत नाही. माघार घ्यायची वेळ आलीच, तर तो पुन्हा उघडताही येतो. सोमवारी सकाळी चार फोन येतील, शिव्याही खाव्या लागतील. येऊ द्या. त्यातला प्रत्येक फोन तुमच्या यादीतून सुटलेली एकेक जागा दाखवतो, आणि तीही डेटा दोन ठिकाणी फुटायच्या आत.