एकच बिल शिल्लक

रोज सकाळी सात वाजता मेल यायचा : ‘काल न जुळलेली बिलं : १’. सलग अकरा सकाळी हाच आकडा. एवढ्या व्यवहारांत एकच बिल अडकतंय म्हणजे आपला प्रोग्रॅम झकास चाललाय, अशा समजुतीत मी होतो. अकराव्या दिवशी, सोमवारी, हिशेब विभागातल्या ताईंचा फोन आला. ‘‘अहो, काल रविवार होता. गोदाम बंद, एकही गाडी सुटली नाही. मग हे बिल आलं कुठून? मागच्या सोमवारीही असंच होतं.’’

तपासलं, तर त्या अकरा दिवसांत १४३ बिलं जमा रकमांशी जुळलेली नव्हती.

प्रोग्रॅम हॅस्केलमध्ये लिहिलेला. या भाषेत काम करणाऱ्यांची एक लाडकी समजूत असते : कंपाइल झालं की चाललंच. नव्या मुलांना मीही हेच ऐकवायचो.

घडलं असं. जुळवणीचं फंक्शन न जुळलेल्या बिलांची यादी परत द्यायचं. जुळवणीला वेळ किती लागतो तेही कळावं, म्हणून मी ते बदलून यादी आणि सेकंद अशी जोडी द्यायला लावलं. कंपाइलरने चार ठिकाणी अडवलं, चारही मी निमूट दुरुस्त केली. पाचव्या ठिकाणी ‘लेंग्थ’ने बिलं मोजली जात होती. तिथे तो गप्प बसला आणि मी कोड पुढे ढकलला.

तो गप्प बसला, कारण ‘लेंग्थ’ आता एकट्या यादीचं राहिलेलं नाही. २०१५ साली आलेल्या जीएचसी ७.१० या हॅस्केल कंपाइलरच्या आवृत्तीपासून ‘फोल्डेबल’ या टाइप क्लासमधल्या कुठल्याही प्रकाराला ते चालतं. अट एवढीच की आतले घटक एकेक करून घेता यावेत. जोडीही या क्लासमध्ये बसते. मात्र तिथे जोडीचा पहिला भाग नुसती सोबतची चिठ्ठी समजला जातो, आतला घटक म्हणजे फक्त दुसरा. त्यामुळे कुठल्याही जोडीची लांबी १. पहिल्या भागातल्या यादीत शंभर बिलं असोत वा एकही नसो, उत्तर तेच. ‘काही नसेल तर मेल नको’ ही तपासणी ‘नल’ करायचं. तेही फोल्डेबलचंच, आणि जोडी कधी रिकामी नसते. म्हणून रविवारचाही मेल.

बेरीज, बरोबरी यांसारखी एकच क्रिया वेगवेगळ्या प्रकारांवर शिस्तीत चालावी, म्हणून फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९ मध्ये टाइप क्लासची कल्पना मांडली. शिस्त खरी आहे. ती कोणाला लागते, हे मला उशिरा कळलं. अट जितकी सैल, तितके फंक्शन लिहिणाऱ्याचे हात बांधलेले. समोर आलेल्या वस्तूबद्दल त्याला फारसं ठाऊकच नसतं, म्हणून चुकायला वावही कमी. वापरणाऱ्याचं नेमकं उलटं : तो काहीही पुढे करू शकतो आणि ते खपून जातं. ‘लेंग्थ’ लिहिणारे सुरक्षित होते, उघड्यावर मी होतो.

तेव्हापासून मी काही पथ्यं पाळतो. फंक्शनमधून दोन गोष्टी परत द्यायच्या असतील तर उघडी जोडी देत नाही, नावाचा रेकॉर्ड करतो. त्या रेकॉर्डला फोल्डेबल लागू होत नाही, त्यामुळे त्याला ‘लेंग्थ’ लावताच कंपाइलर ओरडतो. जिथे यादीच अपेक्षित आहे तिथे तसा प्रकार लिहूनच टाकतो. शक्य तिथे सगळं जेनेरिक करण्याची हौस आवरा. आधी एका प्रकारासाठी लिहा, तिसऱ्यांदा तीच गरज पडली की मगच अट सैल करा.

आणखी एक. कंपाइलर फंक्शनची सही तपासतो, त्यामागचं वचन नाही. बिलांचा क्रम ठरवणारा ‘ऑर्ड’ मी एकदा फक्त रकमेवर बेतला होता. ‘सेट’मध्ये दोन वस्तू वेगळ्या की एकच, हे ‘ऑर्ड’च ठरवतो. परिणामी पाचशे रुपयांच्या दोन बिलांतलं एक गुपचूप गळालं. कंपाइलरची काहीच तक्रार नव्हती. असे नियम चाचण्यांतच लिहावे लागतात. २००० साली मांडलेलं क्विकचेक हे साधन त्यासाठी उत्तम, ते नियम मोडणारी उदाहरणं स्वतः शोधत बसतं.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी मेल आला नाही, ताईंचा फोन मात्र आला. ‘‘आज मेल नाही. बंद पडलं का हो?’’

‘‘नाही ताई, काल काही नव्हतं, म्हणून ते गप्प आहे,’’ मी म्हणालो. त्या गप्प बसण्याचीही चाचणी मी या वेळी आधीच लिहून ठेवली होती.