कोणीतरी आलं!

दारावरची बेल वाजते. आपण आतूनच म्हणतो, "कोणीतरी आलं." इथे 'आला' किंवा 'आली' का नाही? कारण कोण आलंय ते अजून माहीत नाही. दार उघडलं, की आपण नेमकं बोलतो: "आजी आली", "काका आले".

टाइपस्क्रिप्टही अशीच वागते. ही प्रोग्रामिंगची भाषा मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणली. वेब पानावरच्या रकान्यात तुम्ही एक अक्षर टाइप केलं, की 'इनपुट' ही घटना घडते. ती जिथे घडली त्याला 'टार्गेट' म्हणतात. पण टाइपस्क्रिप्टसाठी टार्गेट म्हणजे नुसतं 'कोणीतरी'! ते बटणही असू शकतं. म्हणून टार्गेटकडे थेट मजकूर मागितला, तर ती चूक दाखवते. आधी दार उघडून बघायचं: हा खरंच मजकुराचा रकाना आहे का? असेल तरच मजकूर घ्यायचा.

काही जण न बघताच सांगून टाकतात, "हा रकानाच आहे." टाइपस्क्रिप्ट ऐकते आणि गप्प बसते. पण उद्या तिथे बटण निघालं, तर प्रोग्राम फसतो.

कोण ते कळलं. पण कधी?

जपानमधल्या फॉर्ममध्ये नावाचा उच्चार बऱ्याचदा काताकानात लिहावा लागतो. तुम्ही टाइप करता तेव्हा आधी हिरागाना उमटतात. मग स्पेस दाबून काताकाना निवडायचं आणि एंटर दाबून नाव पक्कं करायचं. तोवर अक्षरांखाली रेघ असते, म्हणजे शब्द अजून कच्चा असतो.

'इनपुट' घटना मात्र कच्च्या अक्षरांसाठीही घडते. प्रोग्रामने घाई केली, तर तुमचं लिहून व्हायच्या आतच "काताकानात लिहा!" अशी लाल सूचना येते. त्याहून वाईट म्हणजे, नाव पक्कं करायला दाबलेल्या एंटरने अर्धा फॉर्मच निघून जातो. म्हणून घटनेसोबत 'इझ-कंपोझिंग' नावाची खूण येते. ती सांगते, "थांबा, अजून जुळवणी चालू आहे."

फक्त इंग्रजीत टाइप करणाऱ्याला हा दोष सहसा दिसतच नाही. तुम्हाला दिसेल, कारण तुम्ही जपानीतही लिहिता. उद्या फॉर्म बनवाल, तेव्हा दोन प्रश्न विसरू नका: कोण बोललं? आणि त्याचं बोलून झालं का?

शब्दार्थ
रकाना – फॉर्ममध्ये लिहायची चौकट
नेमकं – अगदी बरोबर तेच
कच्चा – अजून पूर्ण न झालेला
जुळवणी – तुकडे एकत्र आणणं

सराव
१. रिकाम्या जागा भरा: बाहेर कोणीतरी हस\_\_\_. बघितलं तर ताई हस\_\_\_ होती.
२. टाइपस्क्रिप्ट टार्गेटला 'कोणीतरी' का समजते?
३. अक्षरांखाली रेघ असताना प्रोग्रामने काय करावं?
४. तुमचं नाव काताकानात टाइप करा. एंटर किती वेळा दाबावा लागला?