खरेदीची परीक्षा : सभासदानेही द्यावी अशी



लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा हे आपले नेहमीचे धडे. आजचा धडा जरा निराळा आहे. विषय आहे खरेदीचा. तुम्ही म्हणाल, उसाच्या साहेबाला खरेदीचे काय पडले आहे? पण चुना, गंधक, पोती, मिलचे सुटे भाग, रोपे, खते या सगळ्याचे पैसे शेवटी तुमच्या उसाच्या टनातूनच जातात. खरेदीतली गळती वजनकाट्यावर दिसत नाही. ती ताळेबंदात दिसते, आणि तोवर हंगाम संपलेला असतो.

चाकणच्या बाजारात बैल घेताना आपण काय करतो? जोडी चिखलणीला पाहिजे की गाडीला, हे आधी ठरवतो. दात बघतो, चालवून बघतो, जमल्यास जुंपून बघतो. सोबत जाणता माणूस नेतो, आणि व्यापाऱ्याच्याच पाव्हण्याला मध्यस्थ करत नाही. सार्वजनिक खरेदीचे शास्त्र ते हेच. फरक एवढाच, की बैल आपल्या पैशाचा असतो आणि कारखान्याचा माल हजारो सभासदांच्या पैशाचा. म्हणून तिथे नुसते शहाणपण पुरत नाही, ते कागदावर दाखवावे लागते.

या कामाच्या आता रीतसर परीक्षा असतात. ब्रिटनमध्ये खरेदी व पुरवठ्याच्या व्यावसायिक संस्थेला १९९२ साली राजसनद मिळाली. अमेरिकेत सरकारी खरेदी अधिकाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी परिषद १९७८ साली स्थापन झाली. आपल्याकडे फरीदाबादच्या राष्ट्रीय वित्तीय व्यवस्थापन संस्थेत सरकारी अधिकाऱ्यांना खरेदीचे प्रशिक्षण मिळते. देश वेगळे असले तरी माणसात जे गुण तपासायचे, ते थोडेफार सारखेच. ते असे :

१. गरज ओळखणे. काय, किती आणि कधी पाहिजे? ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू करायचे तर दुरुस्तीचे सामान पावसाळ्याआधीच ठरले पाहिजे. ऐन वेळी धावपळ केली की 'तातडी' म्हणून एकाच दुकानदाराकडून घ्यावे लागते, आणि तातडीचा माल महागच पडतो.

२. मालाचे वर्णन लिहिणे. इथे माझीच चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला, दुसऱ्या एका ठिकाणी, आम्ही उसाची रोपे मागवली. कागदावर लिहिले, 'को ८६०३२ ची रोपे'. वय लिहिले नाही, उंची लिहिली नाही, मेलेली रोपे बदलून देण्याची अट घातली नाही. आली ती कोवळी रोपे. शेतात लावली आणि जागोजाग तुटाळ पडली. पुरवठादाराने आमचाच कागद पुढे केला. त्यात त्याचे काही चुकले नव्हते. भुर्दंड बसला तो शेतकऱ्याला. तेव्हापासून मी रोपाचे वय आधी लिहितो, भाव मागाहून विचारतो.

३. निविदा काढणे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत जाहीर निविदेला साधारणपणे किमान तीन आठवड्यांची मुदत सांगितली आहे, म्हणजे लांबच्या व्यापाऱ्यालाही भाव भरता यावा. मोठ्या व तांत्रिक कामाला दोन लिफाफे असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडायचा. त्यात जो पास, त्याचाच भावाचा लिफाफा उघडायचा. वरची मंजुरी टाळण्यासाठी एका मागणीचे तुकडे करणे त्या नियमांना मंजूर नाही.

४. तुलना करणे. उदाहरणादाखल आकडे घेऊ. 'अ' रोपवाटिका २ रुपयांना रोप देते, 'ब' २ रुपये ४० पैशांना. स्वस्त कोण? 'अ' ची १०० रोपे २०० रुपयांना आली आणि ७५ जगली, तर जिवंत रोप पडले २ रुपये ६७ पैशांना. 'ब' ची १०० रोपे २४० रुपयांना आली आणि ९५ जगली, तर जिवंत रोप २ रुपये ५३ पैशांना. तुटाळी भरण्याची मजुरी आणखी वेगळी. मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढून येणाऱ्या यंत्राचेही तसेच. भाडे, हमाली, कर धरून कारखाना पोच काय पडते ते बघायचे. पण एक लक्षात ठेवा : जगण्याची अट आणि मोजमाप निविदेतच लिहिलेले पाहिजे. भाव उघडल्यावर नवी फूटपट्टी काढणे म्हणजे लबाडीला दार उघडणे.

५. करार सांभाळणे. माल आला की मोजणे, नमुना तपासणे, उशिराचा दंड लावणे. लोणावळ्यात चिक्कीसुद्धा आपण तुकडा चाखून घेतो. मग चुन्याची गाडी न तपासता कशी उतरवायची? आणि माल चांगला असेल तर बिल वेळेवर द्यायचे. पैसे रखडवणाऱ्याला पुढच्या वर्षी चांगला व्यापारी भाव देत नाही.

६. सचोटी. निविदा भरणारा आपला नातलग असेल तर तसे सांगून बाजूला व्हायचे. या विषयात नापास झाला, तर बाकीचे मार्क फुकट.

आपला कारखाना सरकारी खाते नव्हे. तो उपविधी आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यांवर चालतो. कलम ८१ प्रमाणे लेखापरीक्षण होते, आणि संस्थेच्या पैशाचा गैरवापर झाल्यास कलम ८८ खाली जबाबदारांकडून भरपाई घेता येते. १ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारच्या ई-बाजारपेठेवर सहकारी संस्थांनाही खरेदीदार म्हणून येण्यास मान्यता दिली. तिथले भाव निदान ताडून बघायला उपयोगी पडतात.

परंतु कायदा नंतर धावतो. आधी धावायचे ते सभासदाच्या प्रश्नाने. म्हणून शेवटी स्वाध्याय देतो. वार्षिक सभेला येताना अहवालातली खरेदीची एक बाब निवडा आणि चार प्रश्न विचारा :

गरज कोणी ठरवली? किती जणांनी भाव भरले? पोच भाव काय पडला? माल कोणी तपासला?

उत्तर नीट मिळाले तर टाळी वाजवा. संचालकांना आणि आम्हा नोकरांनाही हुरूप येतो. नाही मिळाले तर खाली बसू नका. प्रश्न आवाज चढवून विचारायची गरज नाही, आकडा धरून विचारला की पुरे. चिखलात उभे राहून भात आणि ऊस पिकवणाऱ्या मावळच्या माणसाला हिशेब शिकवायला नको. फक्त तो सभेत मांडायला शिकूया.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी