बँक जुळवणी : लेखा कार्यालयातील प्रशिक्षणाचा एक पाठ

वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षात एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मला प्रशिक्षणाची संधी मिळाली. व्हाउचर तपासणे, टॅलीत नोंदी करणे, जीएसटीची बिले महिनावार लावणे ही कामे यथावकाश अंगवळणी पडतात. बँक जुळवणीचे मात्र तसे नाही. आपल्या शाळेतून वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलामुलींसाठी तिच्याविषयीच थोडे विस्ताराने लिहितो.

व्यापाऱ्याच्या वहीत बँकेतील शिल्लक नावे बाजूस असते. पासबुकात तीच जमा बाजूस दिसते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने बँक त्याचे देणे लागते, तर बँकेच्या दृष्टीने व्यापारी हा तिचा धनको. रक्कम एकच, पाहणारे दोन. अकरावीत हे पाठांतराने भागते, कार्यालयात भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. 31 मार्च रोजी वहीतील शिल्लक 84,500 रुपये आणि पासबुकातील 93,646 रुपये. फरक 9,146 रुपयांचा. शोध घेता चार कारणे सापडतात : दिलेला पण बँकेत न वटलेला 12,000 रुपयांचा धनादेश, भरलेला पण अद्याप जमा न झालेला 7,500 रुपयांचा धनादेश, बँकेने कापलेले 354 रुपये शुल्क, आणि एका ग्राहकाने परस्पर खात्यात भरलेले 5,000 रुपये. शेवटच्या दोन बाबींची नोंद वहीत करावयाची; मग वहीतील शिल्लक 89,146 होते. पहिल्या दोन बाबी केवळ काळाच्या आहेत. त्यांच्यासाठी नोंद नाही, फक्त पत्रकात उल्लेख. 89,146 मध्ये 12,000 मिळवून 7,500 वजा केले, की पासबुकाचा आकडा येतो.

फरकाला 9 ने निःशेष भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. 5,400 ऐवजी 4,500 लिहिले, तर 900 चा फरक पडतो. ही युक्ती कार्यालयातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितली. मात्र आकडे जुळले म्हणजे हिशेब खरा, असे नव्हे. दोन विरुद्ध चुका एकमेकींना झाकू शकतात.

न सापडणारा फरक उचंत खात्यात टाकून पत्रक पूर्ण करण्याचा मोह मार्चअखेरीस सर्वांनाच होतो. आमच्या ज्येष्ठांचा त्यास सक्त विरोध होता. न वटलेल्या धनादेशांची नुसती यादी करूनही त्यांचे समाधान होत नसे. प्रत्येकापुढे तारीख आणि घेणाऱ्याचे नाव हवे, कारण धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असते.

अशाच एका यादीत 5 जानेवारीचा एक धनादेश होता. दुकानाची फळ्यांची कपाटे करून देणाऱ्या सुतारकाकांच्या नावाचा. आकडे जुळले होते, पत्रक पूर्ण होते. तरीही ज्येष्ठांनी दुकानमालकांना दूरध्वनी करावयास लावला. सुतारकाका आजारपणामुळे गावी गेले होते आणि धनादेश शहरातील खोलीत, ट्रंकेत पडून होता. मुदत संपण्यास जेमतेम चार-पाच दिवस उरले होते. मालकांनी तो परत घेऊन रक्कम थेट त्यांच्या खात्यात भरली. पुढील महिन्याच्या पत्रकातून ती ओळ गेली.