खारे पाणी, कोळसा आणि कंडेन्सर

धाराशिव जिल्हा बेसाल्ट खडकाचा आणि बेभरवशाच्या पावसाचा. भूम, परंडा, कळंब, तुळजापूर, कोठेही गेलात तरी उन्हाळ्यात अनेक गावांची भिस्त बोअरवर असते. खडकातून येणारे हे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. क्षार काढण्यासाठी आज आर.ओ. यंत्रे वापरतात. त्यांत पंपाच्या दाबाने पाणी पातळ पडद्यातून ढकलतात. क्षार थोडेसेच असले तरी पाणी मात्र सगळे ढकलावे लागते, आणि त्यातले बरेचसे टाकूनही द्यावे लागते. टंचाईच्या मुलखात हे कसे परवडावे? मग पाणी जागेवर ठेवून फक्त क्षारच उचलता येतील काय?

येतील. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे धन सोडियम आयन आणि ऋण क्लोराइड आयन होतात. कार्बनच्या दोन पट्ट्यांमधून हे पाणी सोडा आणि पट्ट्यांना सुमारे १.२ व्होल्टचा विद्युत्‌दाब द्या. धन आयन ऋण पट्टीकडे व ऋण आयन धन पट्टीकडे ओढले जाऊन तेथेच धरून ठेवले जातात. बाहेर पडते ते कमी क्षारांचे पाणी. पट्ट्या भरल्या की दाब काढून त्या तारेने जोडायच्या. आयन सुटतात आणि थोड्याशा पाण्याबरोबर वाहून जातात. पंख्यातल्या कंडेन्सरसारखेच हे भारित होणे व रिते होणे आहे. दाब मात्र फार वाढवू नये. १.२३ व्होल्टच्या वर पाण्याचेच विघटन होऊ शकते आणि वीज वाया जाते.

आयन चिकटायला जागा भरपूर हवी, म्हणून कार्बन सच्छिद्र घेतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो! अमेरिकेत ब्लेअर व मर्फी यांनी १९६० साली अशा सच्छिद्र विद्युत्‌अग्रांनी पाण्यातील क्षार काढण्याची पद्धत मांडली.

आता विजेचा हिशेब करू. पाण्यात दर लिटरला १६७० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि ते ५०० वर आणायचे आहेत. सोयीसाठी सगळे क्षार मीठच धरू. काढायचे मीठ १.१७ ग्रॅम, म्हणजे ०.०२ मोल. त्यासाठी ०.०२ × ९६,५०० = १९३० कूलोम विद्युत्‌भार लागेल. त्याला १.२ व्होल्टने गुणले की २३१६ जूल. हजार लिटरला सुमारे ०.६४ युनिट वीज झाली.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. तेथे हाच खर्च तीसपट, म्हणजे १९ युनिटांवर जाईल. आर.ओ. ते काम ३ ते ४ युनिटांत करते. म्हणून ही रीत समुद्रासाठी नव्हे, बोअरच्या मचूळ पाण्यासाठी योग्य.

प्रत्यक्षात वीज तीन वाटांनी गळते, आणि तिन्हींवर उपाय आहेत.

पहिली वाट : काही विद्युत्‌भार नवा आयन पकडण्याऐवजी छिद्रांत आधीच असलेला विरुद्ध आयन बाहेर ढकलण्यात खर्ची पडतो. पट्टीवर एकाच प्रकारचे आयन जाऊ देणारा पडदा बसवला की हे बरेच थांबते.

दुसरी वाट : पाण्याच्या आणि बारीक छिद्रांच्या रोधात उष्णता होते. सुरुवातीपासून पूर्ण दाब दिला, तर आदर्श कंडेन्सरमध्येही निम्मीच ऊर्जा साठते. बेताचा व स्थिर प्रवाह देऊन दाब हळूहळू चढू दिला की हानी घटते. बारीक छिद्रांपर्यंत नेणारे रुंद मार्ग कार्बनमध्ये असावेत, म्हणजे आयनांची वाटही सुकर होते.

तिसरी वाट : पट्ट्या रित्या करताना साठलेली ऊर्जा फुकट घालवली जाते. तीच दुसऱ्या संचाला भारित करायला वापरली तर तिचा काही भाग परत मिळतो.

करून पाहा : क्षारमापक मिळाल्यास शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या बोअरचे पाणी मोजा आणि वरील रीतीने ते ५०० वर आणायला किती वीज लागेल ते काढा.

प्रश्न : वरच्या उदाहरणात विद्युत्‌भारापैकी ८० टक्केच कामी आला, तर लिटरला किती ऊर्जा लागेल? (उत्तर : २८९५ जूल)